आळ्यातला पाला

अकरा वाजून गेले होते. रीता आवक नोंदवहीत तिसरं पत्र चढवत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. लेआउटच्या, म्हणजे त्यांच्या वसाहतीच्या, ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. पाठमोरी, वाकलेली एक बाई. पुढ्यात खताचं रिकामं पोतं, मागे रसवंतीचा चरक. खाली मजकूर होता, ‘ही कचरा वेचणारी म्हातारी चार दिवसांपासून आपल्या लेआउटमध्ये फिरून राहिली आहे. सर्वांनी गेटला कडी लावून ठेवा. नळाच्या तोट्या सांभाळा.’ टाकणाऱ्या गोदावरीबाई, चार घरं सोडून राहणाऱ्या. त्याखाली सहा-सात जणांनी अंगठे उठवले होते. रीतानंही उठवला. ग्रुपवर काही आलं की अंगठा दाबून मोकळं व्हायचं, ही तिच्या हाताची सवयच झाली होती. त्यासाठी वाचावंही लागत नसे. मग वहीकडे वळता वळता तिची नजर पुन्हा फोटोवर गेली आणि त्या बाईच्या पदराचा जांभळा काठ तिला दिसला. काठावर एका जागी इस्त्रीचा चटका बसलेला. तो चटका रीतानंच लावला होता, एका लग्नाला जायच्या घाईत. आणि म्हणूनच ती साडी दिवाळीनंतर तिनं शकुनबाईला देऊन टाकली होती. तिनं झटकन अंगठा मागे घेतला. पण तो दिसायचा त्यांना दिसून गेला असणार. कानाच्या पाळ्या तापल्या. वर पंखा कुरकुरत होता, शेजारच्या टेबलावरून मधुकरराव, ऑफिसातले जुने कारकून, ‘मॅडम, तारीख चुकली तुमची,’ म्हणत होते, आणि रीता त्या वाकलेल्या पाठीकडे पाहत होती. पाठ इतकी बारीक आहे, हे तिनं घरात कधी पाहिलं नव्हतं.

शकुनबाई तिची कोण, असं आजवर कुणी तिला सरळ विचारलं नव्हतं. दिघोरीत, तिच्या माहेरगावी, विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना ठाऊकच होतं. रीता सहा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि वर्ष भरायच्या आत बापानं, सेवकरामनं, शकुनबाईला घरात आणलं. रीता तिला आई म्हणाली नाही. मावशी, काकू असलंही काही म्हणाली नाही. हाक मारावीच लागणार नाही अशी बोलायची एक तऱ्हा तिनं काढली होती. ‘जेवायला वाढलंय.’ ‘औषध घेतलं का?’ ‘पाणी तापलंय.’ त्यात तू नव्हतं, तुम्ही नव्हतं. बत्तीस वर्षं ती अशी कर्त्यावाचून बोलत आली आणि शकुनबाईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. दोन वर्षांपूर्वी बाप गेला. गेल्या कार्तिकात शकुनबाईचा मोतीबिंदू पिकला, तेव्हा तिचा मुलगा निकेश तिला भंडाऱ्याला, रीताच्या शहरात, ऑपरेशनसाठी घेऊन आला. डॉक्टरांनी महिनाभर चुलीचा धूर नको म्हटलं, म्हणून ती रीताकडे राहिली. रीताचा नवरा मंगेश नोकरीला चंद्रपूरकडे; शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. एरवी घरात दोघीच. महिना झाला, दुसरा झाला. जा असं कुणी म्हटलं नाही, आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी शकुनबाई मागच्या दारात उभी राहून कितीतरी वेळ नुसती जमिनीकडे पाहत होती. लेआउट पाडणाऱ्यानं इथल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मुरूम ओतून बुजवल्या होत्या. त्या मुरमात मंगेशनं दोनदा लिंबू लावलं, दोनदा ते वाळलं. मग त्यानं नाद सोडला. ‘बोडकी आहे वं जमीन,’ शकुनबाई म्हणाली. ‘अंगावर कापड नाही तिच्या. उन्हाळ्यात कशी वाचन?’ आणि पुढे पानगळ लागली तसं तिनं पोतं उचललं. माघ सरत होता. कचेरीच्या रस्त्यावरची झाडणाऱ्या बायांनी लोटून ठेवलेली पानं जाळायच्या आत ती गाठायची. बायांचंही काम हलकं व्हायचं. रसवंतीवाल्याला उसाची चिपाडं फेकायला जागा नव्हती. राईस मिलच्या मागे कोंड्याचा डोंगर पडलेला. चहाच्या टपरीवरचा चोथा, देवळातले सुकलेले हार, आटत आलेल्या तलावाच्या काठचा काळा गाळ, जे कुणाला नको ते सगळं तिला हवं होतं. एकदा तर बाजारातून मासळी धुतलेलं पाणी डबा भरून आणलं आणि रीतानं नाकाला ओढणी लावली. शकुनबाई मुरूम वीतभर उकरायची, शेणकाला शिंपायची, त्यावर पाला, त्यावर गाळ, पुन्हा पाला, आणि मग तळहातानं हळूहळू दाबत बसायची. त्यात तिनं वांगी, शेवगा, एक फुलझाडही लावलं होतं. ‘लोक पाहतात,’ रीता एकदा म्हणाली होती. ‘पाहू दे ना, बापा,’ शकुनबाई म्हणाली, ‘पालाच तं होय. कोनाचा दागिना थोडी उचलून राहिलो.’ तिकडच्या बाया स्वतःबद्दल अशाच बोलतात, राहिलो, करतो, जातो. रीतानं नोकरी लागल्यावर ती बोली जिभेवरून पुसून टाकली होती. आज सकाळीच निकेशचा फोन आला होता, शेतातली लाखेची डाळ कापायला आल्याचा. ‘ताई, लाखोरी सोंगाची आहे. माणसं भेटून नाही राहिले. आईले शनवारी पाठवून दे.’ ‘हो, पाठवते,’ रीता म्हणाली, आणि इतक्या चटकन म्हणाली की फोन ठेवल्यावर आपल्याला हलकं वाटतंय, हे तिच्याच लक्षात आलं.

ते हलकेपण आता कुठे गेलं होतं कोण जाणे. फोन परत परत थरथरत होता. कुणी लिहिलं, चौकीदार ठेवायला पाहिजे. कुणी लिहिलं, आमच्याही मागच्या गल्लीत दिसली होती. रीतानं बोटं टेकवली. ‘त्या आमच्या’ एवढं लिहिलं आणि थांबली. आमच्या कोण? पुसलं. ‘त्या आमच्याकडे राहतात’ लिहिलं. वाचल्यावर वाटलं, हे तर कामाला ठेवलेल्या बाईबद्दल लिहिल्यासारखं झालं. पुसलं. सावत्र हा शब्द मनात आला, पण तो कुणाच्या समोर लिहून दाखवायचा शब्द नव्हता. बापाच्या दुसऱ्या बायकोला जगात सगळ्यांकडे एक नाव असतं, आपल्याकडे तेवढं नाही, आणि ते आपणच होऊ दिलं नाही. शिपायानं चहा ठेवला. चहावर साय धरली. खिडकीबाहेर कडुनिंबाची पानं एकेक करून खाली येत होती. ती जमिनीवर टेकताना आवाज होतो की नाही, हे ऐकायला जणू ती कान देऊन बसली होती. आणि तेवढ्यात गोदावरीबाईंचा आणखी एक निरोप आला. ‘मी कालच पाहिलं, ती बाई कचरा नेऊन कोणाच्या तरी फुलझाडाच्या आळ्यात टाकून राहिली होती. असं कोणी करते का?’

हे वाक्य रीतानं पूर्वी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, बोललं होतं. दिघोरीच्या घराच्या वाडीत, विहिरीच्या कडेला, बापाचं धोतर ओढून, सात वर्षांच्या तोंडानं. ‘बाबा, थे बाई माह्या आईच्या मोगऱ्यावर कचरा टाकून राहिली.’ आईनं माहेराहून काडी आणून लावलेला तो मोगरा. आई गेली त्या उन्हाळ्यात त्याला कळ्या आल्या होत्या, आणि लोक भेटायला येत होते, रडत होते, आणि मोगरा फुलत होता. पुढच्या वर्षी माघात शकुनबाई आली, काचेच्या हिरव्या बांगड्या घातलेली, चोवीस-पंचवीसची. आल्यावर चार दिवसांनी तिनं मोहाची नि पळसाची वाळकी पानं टोपलीभर आणून मोगऱ्याच्या बुडाशी ओतली, वर शेण टाकलं. रीतानं ते दाराआडून पाहिलं. बापानं तक्रार ऐकून नुसता हात फिरवला डोक्यावरून. मग दुसऱ्या सकाळी, शकुनबाई पाणी भरायला गेल्यावर, रीतानं एकटीनं ते सगळं उपसलं. शेणानं भरलेली पानं दोन्ही हातांनी काढून कुंपणापलीकडे फेकली, आणि आळं बोटांनी असं स्वच्छ केलं की तळाची माती दिसावी. आईची जागा झाडून ठेवल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पाहते, तर पाला परत टाकलेला. तिनं परत काढला. तो परत आला. हे कितीतरी दिवस चाललं. शकुनबाईनं विचारलं नाही, रागावली नाही, बापाला सांगितलं नाही. रोज टाकायची. रोज रीता काढायची. मग चैत्र लागला, विहीर तळाला गेली, वैशाखात पानं कडेनं करपली, आणि एके दिवशी रीतानं फांदी वाकवली तर ती काडकन मोडली. आतून कोरडी. बापानं विचारलं, ‘मोगरा कसा काय वाळला?’ शकुनबाई परातीत कणीक तिंबत होती. मान वर न करता म्हणाली, ‘माह्याच हातानं पाणी कमी पडलं.’

हे शेवटचं वाक्य रीतानं बत्तीस वर्षं जपून ठेवलं होतं. कबुली म्हणून. शकुनबाईनं चांगलं काही केलं, तापात रात्रंदिवस उशाशी बसली, मॅट्रिकच्या परीक्षेला लाखांदूरपर्यंत सोबत आली आणि शाळेच्या भिंतीच्या सावलीला तीन तास बसून राहिली, की रीता मनातल्या मनात ते वाक्य पुढे करायची. हिच्याच हातानं मेला माझ्या आईचा मोगरा. आणि आता, कचेरीतल्या या लोखंडी खुर्चीत, समोर साय धरलेला चहा असताना, तिला आपले स्वतःचे हात दिसले. लहान, शेणानं माखलेले, पाल्याखालची माती उघडी करणारे. परवाच तर तिनं मागच्या दारी वांग्याच्या रोपाजवळचा पाला पायानं सरकवून पाहिला होता. बाहेर फरशीचा चटका बसत होता आणि पाल्याखाली माती ओली, काळसर, गार. तेव्हा तिला नवल वाटलं होतं, एवढंच. आता ते नवल कुठून कुठे जाऊन पोचलं. रडू आलं नाही. डोळ्यांत धूर गेल्यासारखं झालं फक्त. मधुकररावांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘बरं नाही वाटत का, मॅडम?’ ‘वाटतंय,’ ती म्हणाली. मग तिनं फोन उचलला आणि न थांबता लिहिलं, ‘फोटोतली बाई माझी आई आहे. शकुनबाई. माझ्या घरी राहते. पाला झाडांसाठी नेते. ते फुलझाड आमचंच आहे.’ पाठवून तिनं फोन ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर बंद केला, आणि चौथं पत्र वहीत चढवायला घेतलं. अक्षर नीट येत होतं, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

साडेपाचला ती घरी पोचली तेव्हा शकुनबाई मागे शेवग्याच्या आळ्यात चिपाडं पसरत बसली होती. उसाचा आंबूस-गोड वास येत होता, मुंग्यांची रांग लागली होती, आणि त्या मुंग्यांना ती काही म्हणत होती. रीता पर्स न ठेवताच पायरीवर बसली.

‘थे गोदावरीबाई आल्ती,’ शकुनबाई म्हणाली. ‘दुपारी. रडाले लागली. मले म्हने माफ करा जी, मी तुमचा फोटू काढला. मी म्हटलं, दाखव तं. दाखवला. पाठूनच काढला बाईनं! मी म्हटलं, काढाचाच होता तं समोरून काढाचा, डोळा नवा केला आहे माहा.’

रीताला हसू आलं, आणि हसता हसताच इतका वेळ न आलेलं रडू आलं. शकुनबाईनं पाहिलं. हात झटकले, पण उठली नाही; चिपाडं दाबत राहिली. रीता म्हणाली, ‘तो मोगरा.’

‘कोनता?’

‘दिघोरीचा. आईचा. तो मीच मारला ना?’

शकुनबाईचा हात थांबला. ‘सात वर्साची होती तू. सात वर्साचं लेकरू झाड मारते का? वैशाखात कोनाचंबी झाड जाते.’

‘मग तू का म्हणालीस बाबांना, तुझ्या हातानं झालं म्हणून?’

दोघींच्याही लक्षात आलं असावं ते. तू. पण कुणी त्यावर थांबलं नाही. शकुनबाईनं पदरानं कपाळ पुसलं. ‘तुले रागावले असते ना ते. आन् मले कायले वाईट वाटन? नवीन होतो मी घरात. माह्यावर काहीबी टाकलं तरी चालत होतं.’ मग तिनं एक चिपाड सरळ केलं. ‘तू पाला काढे ना सकाळी, तं मी विहिरीवरून पाहो. घागर भरून जाये, तरी मी थांबो. वाटे, पोट्टी आपल्या आईसंगं आहे, आताच नोको जाऊ.’

‘पण मग रोज परत टाकत का होतीस?’

‘झाड जगावं म्हणून टाको. आन्...’ ती शेवग्याकडे पाहत म्हणाली, ‘तू तं माह्याशी बोलतच नव्हती. मी टाको, तू काढे. तेवढंच आपलं बोलणं होतं, बाई. थे कसं बंद करू?’

ऊन उतरलं होतं. गोदावरीबाईंच्या घरात कुकरची शिटी झाली. रीता पायरीवरून उठली आणि आळ्याच्या पलीकडे जाऊन बसली. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. शकुनबाईनं चिपाडांचा एक वेंघा, कवेत मावेल तेवढा ढीग, तिच्याकडे सरकवला. ‘खोडाले चिटकवू नोको. चार बोटं जागा सोड. नाही तं उधई लागते.’ वाळवी लागू नये म्हणून रीतानं चार बोटं मोजून जागा सोडली. मग ती म्हणाली, ‘निकेशचा फोन आला होता. शनिवारी बोलावलंय. लाखोरीला. मी हो म्हटलं. तुला विचारलंच नाही.’

‘जाऊन येतो ना. लाखोरी थांबत नाही कोनासाठी. शेंग तडकली का गेली.’

‘परत येशील?’

‘पाहू,’ शकुनबाई म्हणाली. तिच्या ‘पाहू’चा अर्थ रीताला इतक्या वर्षांतही लागलेला नव्हता.

शनिवारी ती एस.टी.त बसून गेली. घर एकदम मोठं झालं. मंगेश आला, मागच्या दारी उभा राहून म्हणाला, ‘अरे, इथं तर माती दिसून राहिली!’ आणि रीतानं त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण ‘आईनं केली’ एवढंच सांगितलं. त्यानं मान हलवली, आणि मग थोड्या वेळानं पुन्हा तिच्याकडे पाहिलं. सकाळ-संध्याकाळ ती पाल्यावर पाणी शिंपडायची. गोदावरीबाईंनी आपल्या आंब्याची पानं एका पिशवीत भरून कुंपणावर ठेवली होती. रीतानं ती घेऊन आळ्यात पसरली. आठ दिवस झाले, दहा झाले. निकेशच्या फोनवर शकुनबाई दोन वाक्यं बोलायची, तीही झाडांबद्दल, आणि फोन कुणाच्या तरी हातात द्यायची. ‘कधी येतेस?’ असं विचारायचं रीताच्या ओठांवर यायचं आणि राहायचं. विचारलं तर ‘पाहू’ म्हणेल. आणि ती नाही म्हणाली, तर तसं म्हणायचा तिला पुरा हक्क होता. दिघोरीत तिचा मुलगा होता, घर होतं, वावर होतं. भंडाऱ्यात तिचं होतं काय? वीतभर माती. चौदाव्या दिवशी, शुक्रवारी, रीतानं रजेचा अर्ज मधुकररावांच्या टेबलावर ठेवला. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, आईला भेटायला जाणे.

बाप गेल्यापासून ती दिघोरीला आली नव्हती. थांब्यावर उतरून ती घराकडे न जाता सरळ तलावाच्या पाळीवरून शेताकडे निघाली. पाळीखाली निघून गेलेल्या धानाच्या बांध्या, आणि त्या ओलीवर आलेली लाखोरी, आता पिवळी पडलेली. निकेश बांधावर पेंढ्या बांधत होता. ‘ताई? फोन तं कराचा! गाडी आणली असती ना मी.’ ‘चालत आले,’ ती म्हणाली. बांधीत पाच-सहा बाया ओळीनं उकिडव्या बसून कापत पुढे सरकत होत्या, आणि शेवटच्या टोकाला, बाकीच्यांहून जरा मागे, शकुनबाई होती. डोक्यावर पदर, नव्या डोळ्यावर काळा चष्मा. तिनं मान वर करून पाहिलं. उठली नाही. काहून आली, असंही विचारलं नाही. रीता चपला बांधावर काढून, ओढणी कमरेला खोचून बांधीत उतरली. ढेकळं पायाला टोचत होती. तळवे ते विसरलेच होते. ती जवळ आली तशी शकुनबाई बसल्या बसल्याच एक हात बाजूला सरकली. ओळीत तिच्यापुरती जागा झाली. रीता तिथं बसली. एक विळा तिच्या पुढ्यात आला.

‘सवय नाही राहिली तुले,’ शकुनबाई म्हणाली. ‘हळू कर.’

रीतानं पहिली मूठ धरली आणि जोर लावून ओढली. झुडूप मुळासकट हातात आलं, मातीचं बारकं ढेकूळ लोंबत.

‘अंहं. वढू नोको,’ शकुनबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. हात खरबरीत, उन्हानं तापलेला. ‘बुडापासून काप. मुळं राहू दे खाली. थे जमिनीचे होत.’

मनगटावरचा हात तसाच होता. रीतानं दुसरी मूठ धरली, विळा बुडाशी टेकवला, आणि कापलं.